संकीर्ण

आजवर मी आकडे रंगवले ते मोबाइल नंबरांचे,
शेवभाजीच्या हॉटेलांवर, ट्रकांच्या पाठीवर, केळीच्या वखारींवर.
बाकी सगळी अक्षरं. येथे थुंकू नये.
उमेदवारांची नावं,
जी निकालानंतर मीच चुन्याने पुसली.

मार्चअखेर बडगुजर मॅडम टाकीखाली आल्या,
लेखा विभागाच्या, पदराने कपाळ टिपत.
हातात बारा पानं.
म्हणाल्या, भिलाजी, ही भिंत. बाजारपट्टीकडची.
जमा इकडे, खर्च तिकडे.
साहेब म्हणतात नुसत्या बेरजा लिहा. तुम्ही सगळं लिहा.
मी म्हटलं, माझे पैसे?
त्या हसल्या नाहीत. पाचव्या पानावर बोट ठेवलं.
पालिकेकडे नाहीत, हेच तर लिहायचंय.

मग चार दिवस शिडीवर.
बोरी कोरडी, आणि ऊन असं की रंग
कुंचल्यातून भिंतीवर पोचेपर्यंत म्हातारा व्हायचा.
पाणीपुरवठ्याचं वीजबिल, थकीत, एक कोटी बासष्ट लाख.
सफाई कामगार, दोन महिन्यांचा पगार, देणे.
घरपट्टी येणे इतकी, की शून्यं मावेनात,
शेवटचं मी पाइपाला वळसा घालून काढलं.
तळाशी शिल्लक, रुपये नऊ हजार चारशे बारा.
दरसाल शिल्लकच असते, मॅडम म्हणाल्या, कागदावर.
त्या आकड्याला मी सगळ्यात बारीक कुंचला घेतला.

सोमवारी बाजार भरला.
भरताची वांगी घेऊन बसणारी ठगूबाई
गिऱ्हाईक सोडून मान वर करून वाचत होती,
अक्षराला अक्षर जुळवत,
आणि खर्चाच्या शेवटच्या ओळीवर अडली.
"कोन शे हाऊ संकीर्ण?
इतला पैसा लेस! कोनता वार्डना शे?"

आधी सगळे हसले, मग कुणी हसेना.
संकीर्ण, एकोणीस लाख.
मी तर णवरचा रफार नीट बसला म्हणून खूश होतो.

गेलो वर. मॅडमनी कपाटातून फाईल काढली,
संकीर्ण फोडलं. उरलेल्या भिंतीवर उतरलं ते असं:
सत्काराचे नारळ, शाली. मंडपाचं भाडं.
चौकातल्या कारंज्याची मोटर, दोनदा.
कुत्री धरणाऱ्या गाडीचं डिझेल.
भिला उखा शिंपी, रंगकाम, तीन वर्षांपासून देय,
सहा हजार तीनशे.

स्वतःचं नाव मी शेकडो पाट्यांच्या कोपऱ्यात टाकलंय.
देण्यात कधी नाही.
हात थोडा हलला. शिंपीची वेलांटी जाड आली.

पुढच्या सोमवारी तन्वीर पिंजारी, सातवीतला,
वही उघडून उभा. काका, आठ लाख कमी पडतात.

तराजू हवेत राहिले.
सगळा बाजार नगरसेवकाकडे बघतोय,
नगरसेवक चहाकडे.
आता सापडला, कुणीतरी म्हणालं.

मॅडम उन्हातून चालत आल्या, तीच बारा पानं घेऊन,
ओळीमागून ओळ ताडत खाली उतरल्या,
पथदिव्यांपाशी थांबल्या
आणि बघितलं माझ्याकडे.

नऊ होता. मी एक काढला होता.
घाम डोळ्यांत गेला असेल, वळण द्यायचं राहिलं.

शिडी लावली. रॉकेलचं फडकं.
सगळे बघत असताना तो एक पुसला,
नऊ लिहिला, शेजारी तारीख,
मॅडमची सही, खाली माझी.
तन्वीरने वहीत बरोबरची खूण केली.
ठगूबाई वांग्यांवर पाणी शिंपडत म्हणे,
"आते बेरीज बसनी. मंग ते कारंजं बंद करा ना,
नळले पानी आठ दिनम्हा येस."
त्यावरून जे भांडण लागलं ते दिवे लागेपर्यंत चाललं,
जेवढे लागतात तेवढे.

ऊन तिरपं आलं की अजून दिसतो
नवाच्या पोटात तो जुना एक.

माझे सहा हजार तीनशे आहेत तिथेच आहेत.
या भिंतीची मजुरी धरून ते वाढायला हवेत.
मॅडमनी कागद दिला
की शिडी लावीन.